पिलांगचा रेडा आणि पिलांगची डबी

"रेडा न्यायचा की डबी न्यायची, एवढंच ठरवायचंय," पिलांग म्हणाली, आणि हातातला कॉफीचा कप तिनं इमोंगच्या टेबलावर, दोन उघड्या पडलेल्या रेडिओंच्या मधे, जेमतेम मावेल अशा जागेत ठेवला.

चर्चमधली रविवारची मिस्सा नुकतीच सुटली होती. फिलिपिन्समधल्या ओलोंगापो गावी, बाजारामागे इमोंग दाकानायचं दुरुस्तीचं दुकान आहे. पंखे, भाताचे कुकर, रेडिओ, गावात जे बिघडेल ते तिथं येऊन पडतं. त्या दिवशी सगळा बँड तिथं जमला होता. बँड म्हणजे गिटारवर पिलांग, गायला चारिंग, आणि पादिल्या बंधू: थोरला ड्रमवर, धाकटा बेसवर. इमोंग स्वतः काही वाजवत नाही, पण त्याच्याशिवाय बँडमधलं काही वाजतही नाही, म्हणून तोही बँडमधलाच.

रेडा म्हणजे पिलांगचा अँप्लिफायर. जुना, व्हॉल्व्हचा. पूर्वीच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, तापून तांबूस झाले की मगच आवाज फुटायचा, तसलेच व्हॉल्व्ह याच्या पोटात आहेत, पण दांडगे. काळ्या रेक्झिनचं खोकं, पुढे जाळी, वरची कातडी मूठ केव्हाच तुटून गेलेली. त्याला उचलायला दोन माणसं आणि एक शिवी लागते. म्हणून तो रेडा.

आणि डबी म्हणजे शाळेतल्या पोराच्या खाऊच्या डब्याएवढी एक चपटी वस्तू. पिलांगचा मुलगा एर्विन जहाजावर नोकरीला आहे. आईला काय आणू म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा तिनं चपला सांगितल्या नाहीत, साबण सांगितला नाही, ही डबी सांगितली. हिच्या पोटात व्हॉल्व्ह नाहीत, स्पीकर नाही, आहे तो एक छोटासा संगणक. जगातल्या नावाजलेल्या जुन्या अँपचे आवाज त्याला पाठ आहेत. गिटारची वायर एका बाजूनं आत घालायची, दुसरी वायर हॉलच्या स्पीकरना जोडायची. एक बटण दाबलं की एका अँपची नक्कल, दुसरं दाबलं की दुसऱ्याची.

प्रश्न साधा होता, पण त्याच्यावर सगळ्यांचं सगळं अवलंबून होतं. बारेत्तोच्या किनाऱ्यावरच्या ज्या बारमध्ये हा बँड वर्षानुवर्षं वाजवत होता, तो विकला गेला होता. नव्या मालकाला बँड नको होता, विडिओके हवं होतं, गिऱ्हाइकांनीच पडद्यावरचे शब्द वाचत गायचं आणि स्वतःलाच टाळ्या द्यायच्या. राहता राहिलं जुन्या अमेरिकी नौदल तळाच्या आवारातलं एक हॉटेल. त्यांच्या जेवणाच्या हॉलसाठी शुक्रवार-शनिवारचा बँड हवा होता, आणि गुरुवारी दुपारी यांची चाचणी होती. ही जागा हुकली तर बँड संपला, हे कुणी तोंडानं बोललं नव्हतं. साठी उलटलेल्या चौघांना दिव्याखाली उभं करील असा दुसरा रंगमंच त्या गावात उरला नव्हता.

"मारे," इमोंग चष्म्यावरून बघत म्हणाला, "माझ्याकडे भाताचे कुकर येतात, त्यांच्यावरही एवढीच बटणं असतात. ह्याच्यातून सूर येणार का वाफ?"

एर्विनच्या बाप्तिस्म्याला इमोंग धर्मबाप म्हणून उभा राहिला होता. तेव्हापासून ती त्याची मारे आणि तो तिचा पारे. या नात्यात माणूस एकमेकांना काहीही बोलू शकतो, आणि ही दोघं बोलतही.

"तू ऐकलंयस ना पारे? माझ्या घरी तू दोनदा हं-हं केलंस."

"केलं की. छान आहे. मी कुठं वाईट म्हणतो? पण नक्कल आहे ती, मारे. खरा आवाज काचेतून येतो. आग लागते आवाजाला. ह्या डबीत आग कुठाय?"

"आग माझ्या कमरेत आहे," थोरला पादिल्या म्हणाला. "तो रेडा जिन्यावरून चढवून चढवून."

"तू गप रे. तू नुसता मागून ढकलतोस, उचलतो मी," धाकटा म्हणाला.

चारिंग पानसितच्या, म्हणजे परतलेल्या शेवयांच्या, ताटलीवर लिंबू पिळत होती. तिनं वर न बघता विचारलं, "आते, तुला काय वाटतं ते सांग ना. तू गप्प का?"

आते म्हणजे थोरली बहीण. चारिंग तिला नेहमी तसंच म्हणे. आणि पिलांग गप्प होती, कारण इमोंगनं वापरलेला तो एक शब्द तिला टोचला होता. नक्कल.

तो शब्द तिला का टोचला हे कळायचं, तर पिलांग कोण ते कळायला हवं.

तिचं खरं नाव तिओफिला एस्पेहो. आई तळावरच्या खलाशांचे पांढरे गणवेश धुवायची. घरात दोरीवर कायम कुणाच्या तरी बाह्या वाळत असायच्या, आणि त्या बाह्यांच्या खाली बसून पोर शेजाऱ्याची गिटार वाजवायची. तिला शिकवलं कुणी नाही. शिकवलं तबकड्यांनी. बाजारातल्या तबकड्यांच्या दुकानाबाहेर एक भोंगा लावलेला असे. नवी तबकडी आली की दुकानदार ती दिवसभर वाजवायचा. पिलांग आईनं दिलेलं धुणं पोचवायला निघायची आणि त्या भोंग्याखाली थांबायची. गाण्याचा पहिला तुकडा डोक्यात घेऊन घरी पळायची, वाजवून बघायची, पुन्हा धावत यायची. गणवेश उशिरा पोचायचे. आईच्या शिव्या वेळेवर पोचायच्या.

त्या गावात वाजवणाऱ्याची एकच परीक्षा असे. प्लाका म्हणजे तबकडी, आणि तबकडीबरहुकूम वाजवणं म्हणजे प्लाकादो. नुसते सूर बरोबर असून चालत नाही. मूळ वादकानं तार जिथं जराशी ओढली तिथं तुम्हीही ओढायची, तो जिथं चुकला तिथं तुम्हीही चुकायचं, आणि त्याच्या अँपमधून जो खरखरीत, मधाळ किंवा चिरका आवाज आला तोच तुमच्याही हातून यायला हवा. कुणी म्हटलं 'ही बाई स्वतःच्या ढंगानं वाजवते', तर तो गोड बोलून काढलेला चिमटा समजावा. कुणी म्हटलं 'प्लाकादो!' तर मान ताठ.

पिलांग प्लाकादो होती. दहा बोटांत शंभर माणसं वसलेली बाई होती ती. मुलींचा एक बँड होता, सिनाग सिस्टर्स, त्यात कुणीही कुणाची बहीण नव्हती. सगळ्या एकाच कापडाचे झगमगते झगे घालायच्या, आणि ते कापड इतकं टोचायचं की कार्यक्रम संपल्यावर सगळ्याजणी एकमेकींच्या पाठी खाजवायच्या. चारिंग तेव्हाच तिच्याबरोबर आली. बँकॉक, कुचिंग, ओकिनावा, हाँगकाँग. हॉटेलं, क्लब, एकदा तर एका जहाजाच्या डेकवर, वारा सुटलेला, झगे सांभाळत. एका क्लबात एक खलाशी टेबलावरून उठला, रंगमंचाच्या मागे गेला, पडदा उचलून बघितला, आणि परत येऊन दोस्तांना म्हणाला, "मागे ग्रामोफोन नाहीये रे! पोरीच वाजवतायत!" त्या वाक्यापुढे टाळ्या काय, फुलं काय! रंगमंचावर उभं राहिलेल्या माणसाला विचारा, असं एक वाक्य जन्मभर पुरतं.

मग लग्न झालं, नवरा बसचा ड्रायव्हर, शांत माणूस. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एर्विनच्या वेळी दिवस भरत आले तरी ती पोटावर गिटार टेकवून वाजवत होती. मग एका जूनमध्ये ज्वालामुखी फुटला, गावावर राखेचा पाऊस पडला, छपरं वाकली. पुढच्याच वर्षी अमेरिकी तळ बंद झाला, आणि क्लबांच्या रांगाच्या रांगा काळोखात गेल्या. ती जिथं वाजवायची त्या क्लबच्या मालकानं दारं उघडी टाकली आणि म्हणाला, ज्याला जे हवं ते न्या. लोकांनी फ्रीज नेले, पंखे नेले, कुणी लाल गाद्यांच्या खुर्च्या नेल्या. पिलांगनं रेडा नेला. रस्त्यावर अजून साचलेल्या राखेतून, हातगाडीवर. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाईचं डोकं फिरलंय. इमोंगनं तो उघडला, लहान बाळाचे केस विंचरायच्या ब्रशानं आतली राख काढली, आणि चालू केला. व्हॉल्व्ह तांबूस झाले. पिलांगनं एक तार छेडली, आणि दुकानाच्या बाहेरून जाणारा आइस्क्रीमवाला घंटी वाजवायचं थांबवून उभा राहिला.

तेव्हापासून इमोंग रेड्याचा वैद्य. खारी हवा, दमट हवा, सारखी जाणारी वीज. रेड्याला दर पावसाळ्यात काहीतरी व्हायचंच. एकदा आत झुरळांनी संसार मांडला होता. पूर्वी व्हॉल्व्ह मिळायचे, आता परदेशातून मागवायचे आणि तोवर वाट बघत बसायचं. इमोंगनं कधी कुरकूर केली नाही. आता गुरुवारच्या चाचणीसाठी म्हणून त्यानं शेवटचे जपून ठेवलेले व्हॉल्व्ह बसवले होते.

हे सगळं पिलांगला ठाऊक होतं, म्हणून ती जपून बोलली. पण बोलली.

"पारे, नक्कल वाईट असते का रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपण कोण? ह्या चारिंगनं जन्मभर कुणाकुणाच्या गळ्यातून गायलंय. हा थोरला अजून ज्या ठेक्यावर ड्रमची काठी टाकतो, तो ठेका कुठल्यातरी परक्या गावात, कुणीतरी दुसऱ्यानंच टाकलेला आहे. माझं तर विचारूच नकोस. माझ्या हातात माझं असं काय आहे? नखं सोडून? लोक म्हणायचे, प्लाकादो! आणि आपण ताठ मानेनं घरी यायचो. तेव्हा नाही कुणी म्हटलं, पिलांग, नक्कल आहे ही. आणि आज ही बिचारी डबी तेच करते, आपल्याहून नीट करते, तर तिला नक्कल म्हणून नाक मुरडायचं? माझ्या जातीची आहे ती, पारे."

धाकटा पादिल्या हसला आणि पानसित त्याच्या नाकात गेलं.

इमोंगनं चष्मा पुसला. "तू माणूस आहेस मारे. ती वस्तू आहे."

"आणि रेडा कोण, तुझा मेहुणा?"

सगळे हसले, इमोंगही हसला, पण त्याची नजर कोपऱ्यातल्या रेड्यावरून हलेना. चारिंगनं ते पाहिलं. त्या गावात माणसं माणसाचं मन मोडत नाहीत, सोयीपेक्षा सोबत मोठी मानतात. चारिंग हळूच म्हणाली, "आते, इमोंगनं एवढे व्हॉल्व्ह बसवलेत." थोरला म्हणाला, "एकदा शेवटचा उचलू." धाकटा म्हणाला, "हा म्हणतो 'उचलू', म्हणजे मी उचलणार."

"बरं," पिलांग म्हणाली. "रेडा येईल. पण डबी माझ्या पिशवीत असेल, हे आत्ताच सांगते. नंतर म्हणू नका सांगितलं नाही."

गुरुवारी दुपारी जीपनी, म्हणजे गावातली ती लांबट भाड्याची जीप, हॉटेलच्या मागच्या दाराशी लागली. पूर्वीच्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहाला नवा रंग देऊन हे हॉटेल केलेलं होतं. भिंती पांढऱ्याशुभ्र, टेबलांवर घडी केलेले रुमाल, खिडकीतून उपसागर. मॅनेजर बाई तरुण होती, मनिलाहून आलेली, मिस व्हेलास्को. सभ्य होती, हसतमुख होती, आणि तिनं अट आधीच सांगून टाकली.

"इथं लोक जेवायला येतात मॅम. वेटरला हाक मारताना पाहुण्याला ओरडावं लागलं, तर तो बँड आमच्या कामाचा नाही. मागच्या दोन्ही बँडना मी ह्याच्याचसाठी नाही म्हटलं. छान वाजवत होते."

"कळलं," पिलांग म्हणाली.

पादिल्या बंधूंनी रेडा आणला, ठरलेली शिवी हासडून. त्याच्यामागून इमोंग आला, छातीशी ट्रान्सफॉर्मर कवटाळून, मिरवणुकीतल्या मूर्तीसारखा. रेडा अमेरिकी, एकशे दहा व्होल्टवर चालणारा. ओलोंगापोतली वीज दोनशे वीसची. सरळ लावला तर जळून कोळसा. म्हणून बाहेर वाजवायचं तर मधे ट्रान्सफॉर्मर, हा नियम. या नियमात इमोंगनं कधी हयगय केली नव्हती. गावातल्या कितीतरी घरांत अमेरिकी काळातली एकशे दहाची सॉकेटं अजून आहेत, दिसायला अगदी दुसऱ्यांसारखीच. इमोंग कुठंही दुरुस्तीला गेला की बायकोच्या नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका तसल्या सॉकेटवर देऊन यायचा, म्हणजे कुणी चुकायला नको.

इमोंगनं ट्रान्सफॉर्मर भिंतीत लावला, रेडा ट्रान्सफॉर्मरला लावला, बटण दाबलं. सगळे थांबले. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. बराच वेळ झाला. पिलांगनं तार छेडली.

काही नाही.

इमोंगनं मागची फळी काढली. व्हॉल्व्हच्या आत, अगदी खोल, विझत्या उदबत्तीएवढा लाल ठिपका दिसत होता. "गेला की काय," तो पुटपुटला. त्यानं एक व्हॉल्व्ह काढला, फुंकर मारली, परत बसवला. दुसरा काढला. खिशातून जुना एक आणला होता तो घालून बघितला. त्याच्या मानेवरून घाम उतरत होता. मिस व्हेलास्को एका टेबलाशी बसून फोनकडे बघू लागली. चारिंगनं पिलांगकडे पाहिलं, डोळ्यांनीच विचारलं: काढ ना ती डबी.

पिलांगनं पिशवीवर हात ठेवला. आणि ठेवलेला हात तसाच राहिला.

तिचं लक्ष ट्रान्सफॉर्मरकडे गेलं होतं. तो जन्मभर गुणगुणत आलेला प्राणी. त्याच्या गुणगुणण्यावर तिनं कित्येकदा गिटारची तार जुळवली होती. आज तो गप्प होता. तिनं चप्पल काढून अंगठ्यानं त्याला स्पर्श केला. मेलेल्या माशाइतका गार. तिनं भिंतीकडे पाहिलं, आणि पांढऱ्या रंगाखालची जुनी भिंत तिला दिसली. याच भोजनगृहात, याच भिंतीला पाठ लावून, टोचऱ्या झग्यात ती वाजवून गेली होती. तेव्हा इथं ट्रान्सफॉर्मर कुणीच लावत नसे.

आता बघा. तिनं तोंड मिटलं असतं तर? रेडा आपोआप मेला असता, डबी आपोआप बाहेर आली असती, आणि वादही मिटला असता. एखाद्यानं तसं केलंही असतं. पण पिलांगला फुकटचा विजय नको होता. तिला खात्री होती. खात्री असलेल्या माणसाला समोरच्याचा पाय घसरायची वाट बघावी लागत नाही.

ती इमोंगच्या शेजारी गुडघ्यांवर बसली, जणू वायर सरळ करतेय अशी, आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "पारे, ही भिंत एकशे दहाची आहे."

इमोंगचा हात थांबला. एकशे दहाची वीज ट्रान्सफॉर्मरनं आणखी निम्मी केली होती. रेडा उपाशी होता, बस्स. साऱ्या गावाची सॉकेटं लाल ठिपक्यांनी रंगवणारा माणूस स्वतःच सवयीनं चुकला होता, आणि इथल्या रंगाऱ्यानं ठिपका असला तरी पांढऱ्याखाली पुरून टाकला होता.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"सगळ्या गावाला सांगणार आहे," ती म्हणाली. "पण आज नाही."

त्यानं रेडा सरळ भिंतीत लावला. व्हॉल्व्ह पेटले, मधासारखे. पिलांगनं तार छेडली आणि रेडा हंबरला. काय सांगावं त्या आवाजाचं! खिडकीच्या काचा थरथरल्या, रुमालांच्या घड्या हलल्यासारख्या वाटल्या, स्वयंपाकघरातून दोन आचारी बाहेर येऊन उभे राहिले. इमोंगचे डोळे भरून आले. पिलांगला पोटऱ्यांवर वाऱ्याचा धक्का जाणवला, स्पीकरनं पुढे ढकललेल्या हवेचा, आणि तिच्या अंगातून तरुणपण सरसरत गेलं.

मिस व्हेलास्कोनं हात वर केला. "सुंदर आहे. थोडं खाली?"

पिलांगनं बटण खाली फिरवलं. "अजून थोडं?" अजून खाली. "अजून, प्लीज." आणि तिथं रेडा हरला. कारण व्हॉल्व्हचा खरा आवाज तो जोरात राबत असतानाच निघतो. राबवा, गाईल. कुजबुज करायला सांगा, तोंडात बोळा कोंबल्यासारखा बोलेल. त्यांनी तसंच गाणं सुरू केलं, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत गिटार अशी वाजत होती, जशी शेजारच्या घरातली बंद दारामागची गिटार. पिलांगला ते कळत होतं, चारिंगला कळत होतं, आणि सगळ्यांत आधी इमोंगला कळलं होतं.

गाणं संपलं. मिस व्हेलास्कोनं सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या पिलांगनं ओळखल्या. रंगमंचावरच्या माणसाला टाळ्यांची भाषा येते. या टाळ्यांत 'आम्ही कळवू' असतं.

"एक गाणं आणखी," पिलांग म्हणाली. "तुमचा वेळ खाल्लाय, ठाऊक आहे. तरी एक."

मिस व्हेलास्कोनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग पिलांगकडे पाहिलं. "एक," ती म्हणाली.

पिलांगनं डबी काढली. आणि ती खाली वाकायच्या आत इमोंगनं हात पुढे केला.

"दे इकडे."

"मी लावते रे."

"दे म्हटलं ना. वायर कुठली कुठं जाते ते मी बघतो. तू वाजवायचं बघ."

त्यानं डबीचा प्लग डोळ्यांजवळ नेला, चष्मा कपाळावर सारला, त्यावरची बारीक अक्षरं वाचली. "शंभरपासून दोनशे चाळीसपर्यंत," तो म्हणाला. "कुठल्याही भिंतीत खुपसा, हिला काही वाटत नाही. निर्लज्ज आहे." आणि त्यानं तो खुपसला. मग हॉलच्या स्पीकरना वायर जोडली, डबीवरचा आवाज स्वतःच आवरला, आणि बाजूला झाला.

पिलांगनं एक संथ गाणं घेतलं, त्यांच्या तरुणपणचं, ज्याच्या सुरुवातीची गिटार ऐकली की ओलोंगापोतला कुठलाही माणूस हातातलं काम थांबवतो. तिनं पहिली तार ओढली, आणि तोच आवाज आला. बाजारातल्या भोंग्यातून आलेला. मधाळ, कडेला थोडा फाटलेला, तापलेला, आणि तरीही इतका हळू की समोरच्या ग्लासात बर्फ हललेला ऐकू यावा. थोरल्यानं ड्रमच्या काठ्या ठेवून तारांचे हलके ब्रश घेतले. चारिंगनं ओठ माइकजवळ आणून गायला सुरुवात केली, आणि ती ओरडत नव्हती म्हणून कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तिच्या आवाजातली गोडी ऐकू आली.

गाण्याच्या मध्यावर मिस व्हेलास्को उठली नाही, वळलीसुद्धा नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "रोल्दान, एक लिंबाचा चहा." आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला वेटर म्हणाला, "आणतो, मॅम."

ती ऐकत राहिली. चहा आला, गार झाला. गाणं संपल्यावर तिनं टाळ्या वाजवल्याच नाहीत. "उद्याच्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या," ती म्हणाली. "सात वाजता. काळे कपडे चालतील?"

"झगे नको ना?" चारिंगनं विचारलं.

"झगे?"

"काही नाही, मॅम. काळे चालतील."

मागच्या दाराशी जीपनीत सामान चढलं. रेडा चढला, शिवीसकट. इमोंग ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेऊन बसला. खाली मान घालून त्याची वायर गुंडाळत राहिला. पिलांगला वाटलं, आता हा दुखावला. ती त्याच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

"खरं सांग," तो शेवटी म्हणाला. "काहीच कमी नव्हतं?"

तिनं खोटं सांगितलं नाही. "होतं. पोटऱ्यांना वारा लागला नाही. रेडा मागून ढकलतो, डबी ढकलत नाही. ते मला लागतं. ऐकणाऱ्याला लागत नाही."

"हं."

"उघड्या मैदानात, फिएस्टाच्या जत्रेला, मी आजही रेडा नेईन. पोरं उचलायला असली तर. पण पारे, कुणी नवा वाजवणारा आला आणि विचारलं, बाई, काय घेऊ? तर मी डोळे मिटून सांगेन, डबी घे. घरी वाजव, चर्चमध्ये वाजव, हॉटेलात वाजव, पाठीला लावून जीपनीत बस. उरलेल्या पैशांत नवी गिटार घे. आणि कंबर शाबूत ठेव."

"आणि मी जन्मभर जे दुरुस्त करत बसलो ते?"

"तू ते जिवंत ठेवलं नसतंस, तर मी आज डबीतला आवाज ओळखला कशावरून असता?"

इमोंगनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. जीपनी तळाच्या फाटकातून बाहेर पडली. मग तो पुढे वाकला आणि पिलांगच्या पिशवीकडे बोट करून म्हणाला, "तिच्यातली ती नक्कल आपल्या रेड्याची नाही, बरं का. त्याच जातीची आहे, पण त्याची नाही. आपल्याचा खालचा सूर जरा जड आहे. राखेनंतर तसा झाला. हिला तो शिकवता येईल?"

"बटणं आहेत की."

"मग दे. दोन्ही शेजारी ठेवून बसतो. पुढच्या शुक्रवारच्या आत प्लाकादो करतो."

"ने. पण स्क्रू उघडू नकोस."

"नुसतं बघितलं तर?"

"पारे!"

"बरं, बरं." त्यानं डबी घेतली आणि ट्रान्सफॉर्मरवर ठेवली, हलकेच, आणि दोन्ही हातांनी धरली.

पिलांग चारिंगकडे वळली. "आणि तू. दुसऱ्या कडव्याला उशिरा आलीस."

"आले नाही."

"आलीस. तबकडीतली बाई गिटारच्या आधी येते. उद्या सकाळी माझ्या घरी. सगळे. भात मी लावते, मासे तू आण."